पार्टिशन सरकेपर्यंत

"हा चार्जर तुमचा का हो? म्हणजे... जरा माझ्या लॅपटॉपला लावू देता?"

वाचनालयाच्या खिडकीशी बसलेल्या चष्मेवाल्याने मान वर केली. लॅपटॉप दोन्ही हातांवर तोलून एक मुलगी उभी होती, चेहरा पार उतरलेला.

तिच्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिम शेजारी शेजारी, आपापल्या कप्प्यात म्हणजे पार्टिशनमध्ये नांदत होत्या. लिनक्सची जागा संपली, म्हणून बाईसाहेबांनी विंडोजची थोडी कापून लिनक्सला जोडायला घेतली, आणि घाईत बॅटरीकडे बघायचं राहिलं. त्यात चार्जरही सापडेना. पार्टिशन सरकताना लॅपटॉप बंद पडला तर सगळंच गेलं! पक्ष्यांच्या आवाजांची दोन वर्षांची रेकॉर्डिंग्ज त्यात होती, आणि दुसरी प्रत नव्हती.

तिने हे सगळं एका दमात सांगितलं, तशी त्याने आपली वायर तिच्या लॅपटॉपला लावली.

"सुटलेल्या जागेत नवं पार्टिशन केलं असतंत, तर पाच मिनिटांत झालं असतं."

"हे आता सांगताय?"

"आत्ताच तर भेटलो ना आपण..."

पडद्यावर आकडा दिसत होता: काम चौदा टक्के झालेलं. ती उठली, पाणी पिऊन आली, पुन्हा बसली. पंधरा.

"टक लावून बघितल्याने ते लवकर सरकत नाही," तो म्हणाला. "एखादा पक्षी ऐकवा."

तिने हळूच शीळ घातली. ग्रंथपालबाईंनी डोळे वटारले, आणि तो खाली मान घालून असा काही हसला, की तिच्या छातीत धडधडायलाच लागलं.

पाचच्या बसने आपण ताईकडे निघणार, असं तो बोलून गेला होता. आणि दोन वाजता रुमाल शोधताना तिच्या पिशवीत, अगदी तळाशी, तिचा स्वतःचा चार्जर हाताला लागला! तिने तो तसाच आत कोंबला. मग मात्र तिचा जीव थाऱ्यावर राहिना. सांगावं तर हा जाईल... न सांगावं तर बिचाऱ्याची बस चुकेल.

साडेचारला तिला राहवेना.

"तुम्ही निघा. माझा चार्जर सापडलाय."

"कधी?"

"दोन वाजता," ती पुटपुटली. कान नुसते तापले होते.

"ठाऊक आहे. वायर मघापासून पिशवीबाहेर लोंबतेय."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने फोन लावला.

"ताई, आज नाही, उद्या येतो... काम कसलं गं? एक मुलगी आहे. आवडलीय मला... नाही, तिला आत्ताच कळतंय. समोरच बसलीय."

तिने हात पुढे करून फोन मागून घेतला.

"ताई, यांना परवा पाठवलं तर चालेल ना?"