सरांचं नाव पहिलं

मे महिन्यातल्या सोलापुरात दुपारी अडीचला भुतंही घराबाहेर पडत नाहीत. पण अंकिता जुळे सोलापुरातून स्कूटी दामटत कॉलेजात आली होती. ज्वारीच्या खडखड्या रोगावर जगात जेवढे शोधनिबंध निघाले, त्यांची यादी विद्यापीठाला संध्याकाळी पाचपर्यंत पाठवली नाही, तर तिची पीएच.डी.ची नोंदणी रद्द होणार होती. आणि जेऊरला आईनं गावभर ‘आमची डाक्टर’ सांगून ठेवलेलं.

इंटरनेट नीट चालायचं ते एकाच खोलीत, वीरभद्रप्पा सरांच्या. हे तिचे मार्गदर्शक, चार महिन्यांपूर्वी वारले. माणूस भला, पण एक खोड होती. विद्यार्थ्यानं निबंध लिहावा आणि पहिलं नाव सरांचं लागावं, हा तिथला बावीस वर्षांचा रिवाज. सर गेल्यावर अंकितानं पहिल्यांदाच एकटीच्या नावावर निबंध छापला आणि वर पेढे वाटले. सरांच्या शिपायाला, बसप्पाला, ते मुळीच रुचलं नव्हतं.

यादी हातानं करायची तर आठवडा गेला असता. म्हणून तिनं संगणकासाठी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञावली, लिहिली होती. स्क्रिप्टनं शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर शोध घ्यायचा, पानापानावरचं शीर्षक, लेखक, वर्ष उचलायचं आणि तक्त्यात भरायचं. दर पानानंतर जरा थांबायचं, नाहीतर हे यंत्र आहे हे संकेतस्थळाला कळतं. घाईत अंकितानं ती थांबण्याची ओळच काढून टाकली. तिसऱ्याच पानाला संकेतस्थळाचं दार बंद झालं आणि चौकट आली, ‘आपण माणूस आहात हे सिद्ध करा.’ सिग्नलची चित्रं ओळखायची होती. रोज सात रस्ता चौकात सिग्नलला ताटकळणारी अंकिता पाच वेळा नापास झाली.

आता तिला रडूच येणार होतं. तेवढ्यात पंखा मंदावला आणि खोलीत वास पसरला... शेंगाचटणीचा, लसूण घातलेल्या. सर याच वेळी, ती बसली होती त्याच खुर्चीत डबा खायचे.

चौकटीत आपोआप बरोबरची खूण उमटली. हा माणूसच आहे, असं संकेतस्थळानं बिनतक्रार मान्य केलं.

स्क्रिप्ट चालू लागली. एक पान, मग चहाचा घोट घ्यावा इतकी उसंत, मग पुढचं पान. सर असंच शिकवायचे. साडेचारला तीनशे बारा ओळी भरल्या आणि अंकिताच्या जिवात जीव आला. तो टिकला नाही, कारण प्रत्येक ओळीत पहिला लेखक एकच होता. सरांच्या जन्माआधीच्या निबंधांवरसुद्धा. तिनं नावं पुसली, तर ती परत आली.

दारात बसप्पा उभा होता. सवयीनं त्यानं सरांचा चहा आणला होता.

“मामा... कसला वास येतोय का?”

“रोजच येतोय की.” त्यानं कप टेबलावर ठेवला. “तुमच्या निबंधावर त्यांचं नाव घाला, म्याडम. लई मनाला लावून घेतलंय त्यांनी.”

पाचाला वीस मिनिटं होती. अंकितानं आपल्या निबंधाची ओळ शोधली आणि स्वतःच्या नावानंतर लिहिलं, ‘कै. वीरभद्रप्पा’.

“सर... दुसरं नाव तुमचं,” ती कुजबुजली. “पहिलं माझंच राहील. काम मी केलंय...”

पंखा थांबला. मग बाकीच्या ओळींतलं सरांचं नाव भराभर पुसलं गेलं. तिच्या ओळीत ते पहिल्या जागेवरून गेलं आणि दुसऱ्या जागी राहिलं, फक्त आधीचं ‘कै.’ तेवढं गेलं. तिनं पुन्हा लिहिलं, पुन्हा गेलं. ते काही सरांना मान्य नव्हतं. अंकितानंही ताणलं नाही.

चार पंचावन्नला यादी गेली. नोंदणी कायम राहिल्याचं उत्तर आलं, तेव्हा तिला भरून आलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिला सरांची मनापासून आठवण आली. बसप्पानं कप उचलला. तो रिकामा होता.

निघता निघता तिनं पाठवलेली यादी उघडली. ओळी आता तीनशे तेरा होत्या. शेवटचं शीर्षक तिच्याच प्रबंधाचं होतं, ज्याची अजून चार पानंही झाली नव्हती. वर्ष पुढचं, मार्गदर्शक वीरभद्रप्पा. लेखिका म्हणून तिचं नाव होतं, एकटीचं. नावाआधी ‘डॉ.’ नव्हतं. सरांनी पुसलेलं ‘कै.’ तिथं होतं.