खोपीभोवतीचे पाय

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण रचलेली म्हणू नका.

कारण त्या दिवशी मी तिथे होते. आठवत मात्र काहीच नाही... मी सात महिन्यांची होते.

साल २०००. श्रावण महिना. तळेघरच्या वरचं रान.

आमची वाडी भीमाशंकरच्या जंगलाला लागून. वडील जुन्नरला कामाला. घरी आई अंबा, तिची सासू म्हणजे माझी आजी सोनीबाई, आणि मी.

सकाळपासून मी तापानं फणफणले होते. एसटी आलीच नाही. शेवटी दुपारी दोघी मला घेऊन तळेघरच्या दवाखान्याकडे चालत निघाल्या. वाट रानातली, पण आजीच्या पायाखालची.

निम्म्या वाटेत धुकं उतरलं. हातभर पुढचं दिसेना.

आणि मग...

"भ्याक!"

भेकर. कुत्र्यासारखं भुंकणारं लहान हरीण. बिबट्या दिसला की ते ओरडतं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत.

"अंबा, थांब," आजी म्हणाली. "वाघरू असंल. त्या खोपीत शिर."

वाटेच्या कडेला नाचणीच्या राखणीची खोप होती, कारवीच्या कुडाची. दोघी आत शिरल्या. दाराला ताटी लावली.

भेकर भुंकतच राहिलं. एकदा डावीकडून. एकदा मागून. मग कुडाच्या अगदी जवळून...

मग थांबलं.

त्याबरोबर सगळंच थांबलं. बेडूक नाही. किडा नाही. छपरावरून गळणारं पाणीसुद्धा ऐकू येईना.

फक्त खुरांचा आवाज. चिखलात... हळूहळू... खोपीभोवती.

आई वाकली. कुडाखाली वीतभर फट होती.

बाहेर पाय होते. हरणाचे. काडीसारखे बारीक, ओले. चारी बाजूंनी. एकही हलत नव्हता.

"आत्या, लई भेकरं हायती," आई सासूला म्हणाली.

"भेकर कळपानं फिरत न्हाई गं," आजी पुटपुटली.

तेवढ्यात वारा आला. धुकं जरा वर उचललं.

पाय तिथेच होते. गुडघ्यापर्यंत.

त्यांच्या वर काहीच नव्हतं.

आईनं स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

ती ताटीकडे सरकली की पाय तिकडे गोळा व्हायचे. मागच्या कुडाकडे गेली की ते मागे. बाहेर पडायला जागाच नव्हती. आणि मी तिच्या हातात नुसती भाजत होते. आता तर रडायचीही थांबले होते.

"आत्या, पोर ऱ्हायाची न्हाई माझी. कायतरी करा."

आजीनं माझ्या कपाळाला हात लावला. उठली.

"मी पुढं व्हते. तू माझा पदर धर. कायबी ऐकू आलं तरी मागं बघायचं न्हाई."

तिनं ताटी ढकलली.

आई डोळे मिटून निघाली. एका हातात पदर, दुसऱ्या हातानं मला छातीशी आवळलेलं. दोन्ही बाजूंनी ओली, केसाळ कातडी तिच्या दंडांना घासत होती...

जिथे काहीच नव्हतं, तिथे.

जरा पुढे गेल्यावर मागून आवाज आला. खोपीतून.

तान्हं मूल रडत होतं.

आईचा पाय अडला. तो रडण्याचा आवाज तिच्या ओळखीचा होता.

माझा होता.

पण मी तर तिच्या छातीशी होते. गप्प.

"आत्या... हर्षाली रडतीया. मागं."

"चल!"

"आत्या, ती आतच ऱ्हायली!"

"तुझ्या हातात हाय ती. चल म्हन्ते ना!"

आजीनं पदराला हिसका दिला. आई ओढल्यासारखी गेली. मागचं रडणं वाढत गेलं, घोगरं झालं... आणि डांबरी रस्ता पायाला लागताच एकदम तुटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला तपासलं.

"ताप कुठाय? पोरगी तर थंडगार आहे."

दुसऱ्या दिवशी वाडीतली माणसं काठ्या घेऊन खोपीकडे गेली. चिखलात एकही खूर उमटलेला नव्हता. आत आई जिथे बसली होती, तिथली जमीन मात्र कोरडी होती.

आणि कोमट.

हे सगळं मला आजीनं सांगितलं, ती अंथरुणाला खिळली तेव्हा. मी विचारलं, "आजी, मग रडत कोण होतं?"

तिनं माझा चेहरा हातानं चाचपला.

"तू माझी गुणाची नात हाईस," ती म्हणाली. "तेवढं बास."



दर श्रावणात, धुकं उतरलं की आई एकटीच रानाच्या वाटेला लागते. पदराखाली दुधाची वाटी असते. परत येते तेव्हा वाटी रिकामी.

मी तिला विचारत नाही.

ती खरं काय ते सांगेल, याची भीती वाटते.