तिसरी पुस्तिका

"माझ्या आईला मी मारलं का, एवढं मला नक्की करून हवंय," मुलगी म्हणाली.

शिंप्याचं मशीन थांबलं. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची बायको लोकांच्या भानगडींचा तपास करायची. पूर्वी ती विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करत असे. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. गल्ली तिला चौकशीबाई म्हणे. शिंपी तिच्यासोबत सगळीकडे जाई. त्याची मदत बेताचीच होती, पण सोबत चांगली होती.

"बस. पहिल्यापासून सांग," चौकशीबाई म्हणाली.

मुलगी एकोणीस वर्षांची होती. बापाचं चष्म्याचं दुकान होतं. आईला अकरा वर्षं फुफ्फुसांचा आजार होता, ती घराबाहेरही पडत नसे. पण मुलीला स्कीइंग शिकायचं होतं, म्हणून या हिवाळ्यात सगळ्यांनी बर्फावर जायचं ठरलं.

"टेबलावर तीन ठिकाणांच्या पुस्तिका होत्या. मावशीनं आणलेल्या. एक तळ्याकाठचं, एक जंगलातलं, आणि हे." तिनं निळ्या कव्हरची पुस्तिका पुढे सरकवली. "मी याचाच हट्ट धरला. बाबा नको म्हणत होते. लांब आहे, गर्दी असते, थंडी फार. ते जितकं नको म्हणाले तितका मला चेव आला."

"आणि आई?"

"डॉक्टरांनी तिला दोन हजार मीटरच्या वर जायला मनाई केली होती. तिनं यात पाहिलं, उंची अठराशे पन्नास. म्हणाली, पोरीला आवडलंय ना, मग हेच."

चौकशीबाईनं पुस्तिका उलटसुलट चाळली. अठराशे पन्नास ही गावाची उंची होती. हॉटेलची उंची कुठेच दिली नव्हती. रोपवेचा तर उल्लेखही नव्हता.

"हॉटेल डोंगरावर निघालं," मुलगी म्हणाली. "रोपवेनं जायचं. तीन हजारांच्याही वर, हे वर पोचल्यावरच पाटीवर वाचलं. बाबा म्हणाले, आता आलोच आहोत, एक-दोन दिवस बघू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला आईला धाप लागली. खोलीत फोन नाही, मोबाइलला रेंज नाही. मी काउंटरकडे पळणार होते, तर बाबा म्हणाले, तू आईला धर, मी जातो. परत आले ते डोकं धरूनच. म्हणाले, रोपवे पाचलाच बंद झाला, सकाळपर्यंत काही होणार नाही." ती थांबली. "नऊला सगळं संपलं."

शिंप्यानं पाण्याचा पेला तिच्याजवळ ठेवला.

"बाबा रोज जेवताना म्हणतात, मी तुला माफ केलंय."

"रोज?" चौकशीबाईची पेन्सिल थबकली.

"रोज."

डॉक्टर भला माणूस होता. "मनाईचं पत्र मी नवऱ्याच्याच हातात दिलं. आकड्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. फार काळजी करणारा माणूस हो! त्याहून वर गेलं तर काय होतं, किती वेळात होतं, अर्धा तास विचारत होता."

"किती जीव होता बायकोवर," शिंपी बाहेर येताना म्हणाला.

मावशी लाँड्रीत चादरींना इस्त्री करत होती. तिनं वर पाहिलंही नाही.

"तीन कुठल्या? मी दोनच आणल्या. तळ्याची आणि जंगलाची. तिसरी त्या पोरीनंच कुठून तरी पैदा केली असणार. बहीण गेली माझी तिच्या हट्टापायी."

"तुम्ही तिला अडवलं नाही?"

"अडवलं तर! निघायच्या तीन आठवडे आधी मेहुणे मला बाजूला घेऊन म्हणाले, तिथे पाचनंतर हॉटेलातून खाली उतरता येत नाही, रोपवे बंद होतो, पोरीला जरा समजावा. मी नको म्हणताच, रोपवेचं ऐकूनही न घेता तिनं आणखीच हट्टाला पेटून त्याच दिवशी बापाला खोल्या ठरवायला लावल्या."

"ही बाई खोटं बोलतेय," रस्त्यावर शिंपी कुजबुजला. "तिनाच्या दोन केल्या बघ."

"अहो, एक पुस्तिका कमी सांगून तिला काय मिळणार?"

चष्मेवाला काउंटरमागे एक भिंग पुसत होता. आवाज मऊ, डोळे लाल.

"तिथे आधी कधी गेला होतात?"

"कधीच नाही. रोपवे आहे हेच मुळी गाडीतून उतरल्यावर कळलं. आधी माहीत असतं तर तिकिटं काढली असती का?"

"खोल्या कुणी ठरवल्या?"

"मीच. फोनवरून."

"आणि पुस्तिका?"

"मेहुणीनं आणल्या." त्यानं भिंग उजेडात धरलं. "पोरीला काही बोलू नका हं. लहान आहे. मी तिला काही म्हणत नाही."

घरी येऊन चौकशीबाईनं हॉटेलला फोन लावला. रोपवे बंद झाल्यावर कुणी आजारी पडलं तर?

"चालू करतो. कधीही. दहा मिनिटांत," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

ती आणखी बराच वेळ बोलत राहिली. फोन ठेवला तेव्हा वहीचं पान भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मेवाल्याच्या घरी, जेवणाच्या टेबलाभोवती सगळे जमले. मुलगी, मावशी, बाप. शिंपी दाराशी उभा होता.

"घरात पुस्तिका तीन," चौकशीबाईनं सुरुवात केली. "मावशींनी आणल्या दोन. आई घराबाहेर पडत नव्हत्या. तू आणलीस का गं?"

मुलीनं मान हलवली.

"मग उरला एकच माणूस. स्वतः आणून टेबलावर ठेवली, आणि मग तिलाच नको म्हणत बसला."

"काहीतरीच काय!" चष्मेवाला म्हणाला.

"रोपवे तुम्हाला गाडीतून उतरल्यावर कळला. पण तीन आठवडे आधी तो पाचला बंद होतो हे तुम्ही मावशींना सांगत होतात. पुस्तिकेत ते नाही. म्हणजे हॉटेल वर आहे हे घरात तुम्हा एकट्याला ठाऊक होतं. लांब, गर्दी, थंडी, सगळी कारणं दिलीत. डॉक्टरांचं पत्र खिशात असून उंचीचं तेवढं बोलला नाहीत. ते एक बोलला असतात तर कुणीच गेलं नसतं."

मावशी उठून उभी राहिली.

"खोल्या ठरवताना काउंटरवरच्या माणसानं आजाऱ्यासाठी रोपवे चालू करतो हे सांगितलं होतं, कारण तुम्हीच विचारलं होतं. शिवाय फोन नसलेली खोली मागून घेतलीत. त्या संध्याकाळी पाच ते दहा तोच काउंटरवर होता. ऑक्सिजनचं नळकांडं त्याच्या पायाशी होतं. त्याच्याकडे कुणीही आलं नाही."

चष्मेवाल्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अकरा वर्षं," तो म्हणाला. मऊपणा गेला होता. "अकरा वर्षं भिंतीपलीकडून तो खोकला. तुम्ही एक आठवडा ऐकून दाखवा."

"पण मी का, बाबा?" मुलीनं विचारलं. "मला का मध्ये घेतलंत?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. वेळ विचारल्यावर सांगावी तसं तो म्हणाला, "माझं तिनं ऐकलं नसतं. तुझं ऐकायची."

मावशीनं मुलीला कवेत घ्यायला हात पुढे केले. मुलगी दोन पावलं मागे सरली. तीन महिने ज्या मावशीनं तिचं तोंड पाहिलं नव्हतं, तिच्या कवेत जायला तिचे पाय तयार होईनात.

पोलिसांनी चष्मेवाल्याचा जबाब घेतला. तिथे त्यानं सगळं नाकारलं, आणि घरच्या टेबलावरचे त्याचे दोन शब्द पुरावा ठरले नाहीत. हॉटेलच्या माणसावर मालकाचा दाब आला असावा, त्याला आता काही नीट आठवत नव्हतं. संध्याकाळी चष्मेवाला घरी परतला.

मुलगी मग त्या घरात राहिली नाही. दुसऱ्या गावात तिनं एक खोली घेतली.

गल्लीत तिलाच नावं ठेवतात. आधी हट्टानं आईला नेलं, आता बापाला टाकून गेली. शेजारच्या बायकांनी वार वाटून घेतलेत, त्या आळीपाळीनं त्याला जेवणाचा डबा पोचवतात.