खडकावरचे कपडे

मालवणातल्या लॉजवरून केयूर निघाला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. “कट्टा गावात गॅरेजवर जाऊन येतो गं, चाकात हवा कमी वाटतेय. जेवायला असेनच,” असं त्याने शिवांगीला, म्हणजे बायकोला, सांगितलं. चाक ठणठणीत होतं. पण एकदा जीभ सरावली की खोटं बोलायला माणसाला काय लागतं हो!

ह्या खोट्यापायीच शिवांगी आठ महिने माहेरी जाऊन राहिली होती. तिला वाटायचं, नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे. बाई-बिई काही नव्हती. त्याला अंगावर सूत न ठेवता समुद्रात उतरायचं वेड होतं, एवढंच. ते बायकोला सांगायची त्याला लाज वाटायची. ह्या वेळी ती बजावून आली होती, “अजून एक खोटं सापडलं, केयूर, की मी कायमची गेले.” आणि तरी हा बाबा चौथ्या दिवशी निघालाच. खाज, दुसरं काय!

असल्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप असतो. नावं खोटी, पण नियम अगदी कडक. गाडी लांब लावायची. मोबाइल गाडीच्या डिकीत ठेवायचा, म्हणजे कुणी कुणाचा फोटो काढणार नाही. कपडे भरतीच्या रेषेवर, घडी करून, नजरेत राहतील असे ठेवायचे. दुसरा कुणी भेटला तर त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. तो पाण्यातून निघाला तर आपण तोंड फिरवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गावात कुणालाही काही विचारायचं नाही. सापडलास तर पोलीस येण्याआधी गावच तुला धुऊन काढील.

म्हणून त्याने विचारलं नाही. काजूच्या झाडाखाली भाड्याची स्कूटर लावली आणि कातळावरून पायवाटेने खाली उतरला. दोन डोंगरांच्या बेचक्यात इवलीशी पुळण, वाळूची पट्टी, होती. माणूस नाही, होडी नाही, कुत्र्याचं पाऊलसुद्धा नाही. ऊन डोक्यावर आलेलं. लाटा फुटत होत्या, पण त्यांचा आवाज जेवढा यायला हवा तेवढा येत नव्हता. कुजक्या शेवाळाचा वास मात्र नाकात बसला.

मधल्या सपाट खडकावर कपडे होते. निळा शर्ट, खाकी हाफपँट, नीट घडी केलेली, वर दगड ठेवलेला. केयूरचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी आधी आलाय! त्याने पाण्याकडे पाहिलं. लांब, लाटांच्या पलीकडे, एक काळं डोकं वर-खाली होत होतं. केयूरने हात हलवला. डोकं आपलं वर-खाली होतच राहिलं.

त्याने आपले कपडे काढले, घडी करून त्या घडीशेजारी ठेवले, स्कूटरची चावी पँटच्या खिशात सरकवली आणि पाण्यात शिरला.

पाणी गार होतं. एप्रिलच्या उन्हात इतकं गार? तो पाठीवर तरंगत राहिला. थोड्या वेळाने बाजूला कुणीतरी आल्यासारखं वाटलं. तो दूरचा माणूस किनाऱ्याकडे निघाला होता. अगदी जवळून चालला होता. केयूरने नियम पाळला, तोंड फिरवलं. पाण्यातून पावलं उचलल्याचा आवाज आला... मग ओल्या वाळूवर... मग खडकावर. कपडे झटकल्याचाही आवाज आला.

“बरं आहे पाणी, नाही?” केयूर तोंड न वळवताच म्हणाला.

तो तसाच पाठ करून बराच वेळ तरंगत राहिला. त्याने शेवटी वळून पाहिलं तर पुळण रिकामी होती. खडकावर निळा शर्ट आणि खाकी पँट तशीच होती. गेले होते ते त्याचे कपडे.

“अरे ए! चोरा!” तो नागडाच वर धावला. वाळूत त्याची स्वतःची पावलं उतरताना उमटलेली होती. वर जाणारं एकही नव्हतं. आता मात्र तो घाबरला. पण भीतीपेक्षा लाज मोठी. उघड्याने गावात जायचं कसं? त्याने दगड बाजूला केला आणि ते कोरे, कडक कपडे अंगात घातले. मापात बसले, अगदी शिवून घेतल्यासारखे.

काजूखाली स्कूटर नव्हती. वळणावर पहिलं घर लागलं. अंगणात तीन-चार पुरुष जाळं विणत होते. त्याला पाहताच त्यांचे हात थांबले. एका बाईने तोंडावर पदर धरला.

“माझी गाडी चोरीला गेलीये. जरा फोन मिळेल का?”

 घरातून एक म्हातारी बाहेर आली. काठी टेकत जवळ आली, शर्टाच्या बाहीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “इलस रे बाळा?”

“आजी, मी बाळा नाही. मी केयूर...”

“भायर नको उभो रवू. पेज निवता.” म्हातारी आत वळली.

जाळ्यावरचा एक थोराड माणूस उठला. हरिश्चंद्र त्याचं नाव. त्याच्या डोळ्यांत दयामाया नव्हती. “ह्ये कपडे तुका कोणी घालूक सांगलेले?”

“माझे चोरीला गेले म्हणून...”

“बारा वर्सां झाली. आमची होडी बुडाली, म्हातारेचो बाळाय तेतूर होतो, मुडदे गावले नाय. दर्यो माणसाच्या अंगार कायएक ठेवणा नाय. मगे तो उघडो घराक कसो येतलो? म्हणान खडकार कपडे ठेवूचे. आमी चार वर्सांनी ठेवूचे सोडले. ह्या म्हातारेन, आनंदीबायन, नाय सोडल्यान.” तो केयूरच्या अगदी समोर आला. “तू तुझे थंय काढून ठेवलस. तेका ते आवाडले. ते घालून तो गेलो.”

“काहीतरी काय बोलताय! मला जाऊ द्या.”

“आमका म्हायत आसा तू बाळा न्हय ता.” बाकीचेही उठून उभे राहिले होते. वाट अडली होती. “पण तेची म्हातारी आवस बारा वर्सां रडता हा. आता तू हयच रवतलस.”

“वशाड मेलो, बघतस काय? जा भुतूर!” मागून कुणीतरी घराच्या दाराकडे बोट करून खेकसलं.

केयूर रडकुंडीला आला. “एक फोन करू द्या. बायकोला. पाया पडतो तुमच्या.” शिवांगीचा नंबर तेवढा त्याला पाठ होता. आज तो तिला सगळं खरं सांगणार होता, पोटात एक शब्दही न ठेवता. हरिश्चंद्राने त्याच्याकडे बघितलं, कसंनुसं हसला आणि फोन पुढे केला.

“हॅलो, शिवांगी! अगं मी... मी केयूर.”

“कोण बोलतंय?” ती हसत होती. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती. मग फोन तोंडापासून दूर गेला. “अरे, हात सोड ना जरा. वर्षभरात कधी धरला नाहीस आणि आज... केस बघ तुझे, पुसून पुसून दमले, पाणी थांबतच नाही. घे, कुणीतरी तुझं नाव सांगून थट्टा करतंय. तूच बोल.”

“शिवांगी, त्याच्यापासून लांब हो! ऐक माझं...”

“हॅलो,” समोरून आवाज आला. तो केयूरचाच आवाज होता. अगदी हळू त्याने विचारलं, “आवस जेवली?”

केयूरने म्हातारी आत गेली त्या दाराकडे पाहिलं.

“तिका एकटी सोडू नको हां,” आवाज म्हणाला. “आणि हरीक सांग... कपडे लागतत, म्हणान. दर्यात सगळे वाट बघतत.”

फोन बंद झाला. फोनवरचा आवाज एवढा हळू होता, तरी अंगणातल्या प्रत्येकाने ऐकलं असावं, कारण हरिश्चंद्र मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. घराघरांतून पेट्या उघडल्याचे आवाज आले. बघता बघता कातळावरून बायकांची रांग लागली. प्रत्येकीच्या हातात कोऱ्या कपड्यांची घडी होती, आणि त्या जवळजवळ धावतच पुळणीकडे चालल्या होत्या.