घोंगडीला फुटलेली बोटं

या, जवळ सरकून बसा. बुवा अजून गंध लावतायत, कीर्तन उभं राहायला वेळ आहे. तोवर एक गोष्ट ऐका.

खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीवर गुदरलेली. देवळात बसून मी खोटं बोलणार नाही.

साल अडतीस. श्रावणातली दुपार. भोरकडचा एक दवाखाना... नाव घेत नाही.

मावशी, सगुणाबाई, तिथं आया होती. आदल्या पावसाळ्यात तिचा नवरा सोनबा तिथंच गेला. मोडलेला पाय. ड्रेसर आनंदरावांनी कामट्या लावून पट्टी करकचून आवळली.

"ढिली करा वो..." सोनबा ओरडत राहिला.

पाय काळा पडला. माणूस गेला.

पट्टी बांधायला माणूस नेमला. कशी बांधायची ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं! सगुणाच्या मनातली आग विझली नव्हती.

आता कुठं पुण्याहून उपेंद्र डॉक्टर शिकवायला आले. पाय म्हणून बाकावर घोंगडीची वळकटी ठेवली.

"बांधल्यावर बोटं बघायची. गार, निळी पडली तर पट्टी लगेच सैल करायची."

आनंदरावांनी वळकटीवर पट्टी आवळली आणि ते हसले. "साहेब, घोंगडीला कुठली बोटं?"

पलीकडच्या खोलीत फुलाबाई कण्हत होती. भाताच्या आवणीत बांधावरून पडलेली. सकाळी आनंदरावांनीच तिचा पाय बांधला होता.

"आधी तिची पट्टी सोडा वो," सगुणा म्हणाली.

"सगुणे, तू फरशी पूस. सैल पट्टीनं हाड बसतंय व्हय?"

तेवढ्यात फुलाबाई गप्प झाली.

कण्हणं मात्र थांबलं नाही...

ते बाकावरून येत होतं. पुरुषाचं.

वळकटीच्या टोकाला... बोटं होती. काळीनिळी.

अंगठ्याला नख नव्हतं. नांगराच्या फाळानं गेलेलं. त्या जखमेवर सगुणानंच हळद दाबली होती.

आनंदरावांनी हात लावला. "गार..." एवढंच बोलले.

"बघा! आता तरी बघा बोटं!" सगुणा किंचाळली. कात्री उचलून पलीकडं धावली.

फुलाबाईचीही बोटं निळी पडली होती. सगुणानं पट्टी कापली. डॉक्टरांनी पाय सावरून धरला, पुन्हा बेताची पट्टी बांधली. हळूहळू बोटांवर लाली आली.

"मुंग्या आल्या गं बया..." फुलाबाई पुटपुटली.

सगळे परत आले, तर बाकावर नुसती घोंगडी. पट्टी सुटून खाली पडलेली.

कुणी सोडली?

मावशी मरेपर्यंत एकच म्हणायची, "माज्या धन्यासाठी न्हाई आलं कुणी शिकवायला."

अजूनही कुणी घोंगडी पांघरून झोपलं, की माझी नजर आधी पायांकडं जाते...

टाळ वाजले. उठा. पण देवापुढं हात जोडाल, तेव्हा सोनबाची आठवण ठेवा.