पुन्हा एकदा सांगा

“ताई, हे नाव तं उघडूनच नाई राह्यलं.”

वर्ध्याला बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं. बाहेर श्रावणाची भुरभुर, आत भज्यांचा वास. आमच्या टेबलासमोर एक मुलगा उभा होता. एका हातात आमच्या फुलवातींचं पाकीट, दुसऱ्यात मोबाइल, केसांवर पावसाचे बारीक थेंब. पाकिटांवर मी मोठ्या हौसेनं छापून घेतलं होतं… धामवाती डॉट इन.

“असं कसं?” मी म्हटलं. “नाव तं आमी रीतसर घेतलं. पावती हाये.”

“नाव घेतलं. अन् होस्टिंग?”

“ते काय असते?”

तो हसला नाही. हसला असता, तर मी पुढे बोललेच नसते.

“डोमेन म्हंजे दारावरची पाटी,” तो म्हणाला. “तुमी पाटी करून आनली, पन मांगं घरच नाई. होस्टिंग म्हंजे ते घर. तुमच्या वातींचे फोटो, भाव, सारं सामान तिथं राह्यते. लोक पाटी वाचून येऊन राह्यले, अन् समोर मोकळी जागा.”

मी पाकिटांच्या ढिगाकडे पाहिलं. सगळ्यांवर तेच नाव. माझा चेहरा उतरलेला त्यानं पाहिला असावा.

“घाबरू नोका. होते सगळं,” तो हळूच म्हणाला.

त्याचं नाव रोशन. बोरगाव मेघेला राहायचा, घरूनच लोकांच्या वेबसाइट बनवून द्यायचा. दोन दिवसांनी गाडी काढून तो पवनारला, धाम नदीजवळच्या आमच्या घरी आला. मी आणि माझी मनकर्णा आत्या, आम्ही दोघी मिळून वाती करतो. तो ओसरीवर लॅपटॉप मांडून बसला आणि मी समोर कापूस पिंजत.

“हे नाव विकत नाई भेटत बरं,” तो म्हणाला. “मक्त्याच्या वावरासारखं हाये. वर्षाचं. मुदत संपली अन् तुमी भरलं नाई, तं दुसरा कोनी घेऊन टाकते.”

“म्हंजे एकदा घेतलं म्हून आपलं, असं नाई?”

“नाई ना. जपा लागते.” हे तो लॅपटॉपकडे न बघता म्हणाला.

मी वात वळण्यात फार गुंतल्यासारखं केलं.

“अन् पाटी एकाकडून घेतली, घर दुसऱ्याकडून… तं पाटीले सांगा लागते का तुयं घर कोनतं. ते काम नेमसर्व्हरचं.”

“जसं फाट्यावर कोनालेही विचारलं, तं तो आमच्या घराकडं बोट दाखवते?”

“बस, तेच.” तो माझ्याकडे पाहतच राहिला. “लवकर समजते तुमाले.”

आणि तिथेच माझं चुकलं. सगळं समजलं, की त्याचं येणं संपणार. त्यातून तो प्रत्येक गोष्ट माझ्याच नावावर करत होता… ईमेल माझा, पासवर्ड माझा.

“तुमच्या नावावर ठेवा ना,” मी म्हटलं.

“माया नावावर कायले? मी पुन्याले गेलो तं तुमाले माया मांगं फिरा लागन.”

बोटांतली वात तुटली.

पुण्याच्या एका कंपनीनं त्याला बोलावलं होतं. महिना संपायच्या आत होकार कळवायचा होता.

माझे नेम साधेच. सकाळी तुळशीला पाणी, हरिपाठ, खोटं बोलायचं नाही, आणि चातुर्मासात जेवताना मौन. आता खोटं तर बोलायचं नव्हतं. म्हणून ‘समजलं नाही’ असं मी एकदाही म्हटलं नाही. “पुन्हा एकदा सांगा ना,” एवढंच म्हणायची. तो पुन्हा सांगायचा. पाटी, घर, फाट्यावरचा माणूस… आणि ऐकता ऐकता मला त्याच्या आवाजातले चढउतारसुद्धा पाठ झाले.

नेमसर्व्हर बदलल्यावर तो म्हणाला, “आता जगभर खबर पोचाले वेळ लागते. वाट पाहू.” मग रोज चक्कर. रोज तेच, “अजून पाहू.” साइट उघडली का, असं त्यानं कधी विचारलं तर अडचण नको, म्हणून मी मोबाइलवर ते नाव टाकूनच पाहिलं नाही.

“एका पाटीले इतके दिस लागतेत का गा?” आत्या चहा देता देता म्हणायची. “आमचं घर झालतं एवढ्यात.”

तो कपात तोंड खुपसायचा.

एका दुपारी मी जेवायला बसले होते. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी. तो आला.

“बस,” आत्या म्हणाली. “तिचं मौन हाये. तूच बोल. तसंही तुलेच बोलाचं राह्यते.”

तो समोर बसला. “आज शेवटचं सांगतो. ध्यान देऊन आयका. होस्टिंग म्हंजे पाटी.”

माझा घास हातातच राहिला.

“अन् डोमेन म्हंजे घर. एकडाव घेतलं का जलमभर आपलं, कवाच भराचं काम नाई.”

मी जोरात मान हलवली.

“नेमसर्व्हर म्हंजे पासवर्ड.”

भाजीनं भरलेला हात आपोआप वर गेला, नाही नाही करत… आणि मला ठसका लागला. आत्यानं पाणी पुढे केलं. तो गालात हसत होता.

“समजते तं सारं. कवापासून?”

“पयल्याच दिसापासून,” आत्या म्हणाली. “मलेबी समजावून सांगतलं तिनं. मी सांगू का नेमसर्व्हर?”

माझे कान तापले. ताटावरून नजर वर काढवेना.

“मंग मीबी खरं सांगतो,” त्याचा आवाज एकदम खाली आला. “तुमची साइट दुसऱ्याच दिवशी उघडलती. मी… उगाच येत होतो. उद्या पुन्याले जवाब द्याचा हाये. हो म्हनू का नाई, ते…” तो थांबला. “आता बोलू नोका. जेवा आधी. मी थांबतो.”

अर्धी भाकर उरली होती. अर्धी भाकर इतकी मोठी असते, हे मला त्या दिवशी कळलं. एक एक घास चावत होते. तो अंगणातला पाऊस पाहत होता, आणि पाय मात्र सारखा हलत होता. अन्न टाकायचं नाही, मौन मोडायचं नाही… आणि हा माणूस असा समोर.

शेवटचा घास संपला. हात धुतला, चूळ भरली. तो उठून उभा राहिला.

“मले सगळं समजते,” मी म्हटलं. “…तरी येजो.”

तो आता मोकळं हसला.

“पुन्याहून रोजची चक्कर नाई जमत बरं गा,” आत्यानं आठवण करून दिली.

“नाई जात, आत्या,” तो म्हणाला. “काम तं इथूनबी होते.”

“मंग हात धुऊन घे. भाकर गरम हाये.”

तो माझ्याशेजारच्या पाटावर बसला. मी त्याला भाजी वाढली, आणि मग बोलायला लागले… किती दिवसांचं साचलं होतं, कोण जाणे. तो घास हातात धरून नुसता ऐकत होता.