साखराबाईचा फोटो

लाईट गेली ती जाऊ द्या. बत्ती लावू नका. बसा नीट, आणि मधे कुणी बोलायचं नाही. हे आपल्या खालच्या आळीतल्या सिद्रामप्पाच्या बाबतीत घडलेलं आहे.

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. पाट्यांवरचं उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलं, कचेऱ्या आल्या, साहेब आले. पाणी मात्र होतं तेही गेलं. नळाच्या तोटीत गांधीलमाश्यांनी घर केलं, असा दुष्काळ.

सिद्रामप्पा तेव्हा तिथल्या एका खाजगी दवाखान्यात फोटो धुवायला होता. एक्स-रे काढला की फिल्मची बंद पेटी अंधाऱ्या खोलीत त्याच्याकडे यायची. लाल दिव्यात तो फिल्म औषधात बुडवायचा, पाण्यात धुवायचा, चिमट्याला टांगायचा. शाळा शिकला नव्हता, सहीला अंगठा. पण दोन इंग्रजी अक्षरं त्याला पक्की येत होती. फोटो काढताना कोपऱ्यात शिशाचं अक्षर ठेवतात. 'एल' म्हणजे डावी बाजू, 'आर' म्हणजे उजवी. अक्षर नसेल तर पोटाची फिल्म उलटी धरली की सुलटी, पटकन कळत नाही.

ती वैशाखातली अमावस्या होती. शनिवार. दवाखान्याचे डॉक्टर पहाटे नांदेडला जाणार होते, तिथं सगळे डॉक्टर जमायचे होते. यांनी मूतखड्याच्या रोग्यांचा मोठा अभ्यास केला होता. आधी फोटोवरून निदान करायचं, मग ऑपरेशनात काय निघालं ते बघायचं, आणि दोन्ही जुळतं का ते तपासायचं. त्या फोटोंचा गठ्ठा औसा रोडवर डॉक्टरांच्या घरी पोचवायचा, एवढंच सिद्रामप्पाचं काम. त्यानं गठ्ठा सायकलच्या कॅरिअरला बांधला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते.

फाटकात वॉचमन गुरुपादप्पा बिडी ओढत बसला होता.

"आमोशेला कुठं चाललाव अप्पा, एवढी माणसं घेऊन?"

"माणसं कुठली? फोटो हायेत."

"तेच की. समद्यांची पोटं हायेत त्याच्यात. वाटंत कुणी उतरलं तर मला सांगू नका."

सिद्रामप्पा हसला नाही. गठ्ठ्यात सगळ्यात वर साखराबाईचा फोटो होता.

साखराबाई मुरुडकडची. दुष्काळी कामावर खडी फोडायची. घण मारून मारून तिच्या दोन्ही कुशी ठणकायच्या, म्हणून कळ नेमकी कुठून येते ते तिला सांगता येईना. डॉक्टरांची सगळी भिस्त फोटोवर. तिचा फोटो काढला त्या दिवशी टँकर आला नव्हता. पिंपातलं पाणी उन्हानं तापलेलं. तापल्या पाण्यात फिल्मवरचा थर मऊ पडतो, हे सिद्रामप्पाला ठाऊक होतं. पाणी निवेपर्यंत थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. त्यानं फिल्म उचलली आणि डाव्या अंगठ्याखाली तिचा कोपरा सायीसारखा निघून आला. अक्षरासकट.

बाहेर जाऊन एवढंच म्हणायचं होतं, फोटो बिघडला, पुन्हा काढा. पण माझ्या हातून आजवर एक फोटो बिघडला नाही, ही त्याची मिजास. त्यानं फिल्म इकडून बघितली, तिकडून बघितली. अंदाज बांधला. वाळल्यावर कोपऱ्यात शाईनं अक्षर काढलं. 'आर'. शाईनं कधीमधी लिहायचेच, कुणी विचारलं नाही.

डॉक्टरांनी उजवी कूस उघडली. खडा नव्हता. टाके घातले. बाईची कळ थांबली नाही, ताप चढला, आणि ती गेली. डॉक्टर म्हणाले, फोटोनं फसवलं. गावातले म्हणाले, कामचुकार होती, ढोंग करत होती. सिद्रामप्पा काहीच म्हणाला नाही. आता नांदेडला तेच कायमचं ठरणार होतं, की साखराबाईला खडा नव्हताच.

सायकल निघाली. वस्ती संपली. शेवटचा दिवा मागं पडला. पुढं कोरडा ओढा, ओढ्याकडं उतार. उतारावर सायकल जड झाली.

उतरून चाक दाबून बघितलं. हवा होती. पुन्हा बसला. मागं कॅरिअर करकरलं. दबलं. कुणी बसावं तसं.

मग थेंबांचा आवाज. मागं. धुळीत. टप... टप...

"अप्पा..."

त्यानं वळून बघितलं नाही.

"अप्पा, तुमी बघितलाव नव्हं माझा फोटू? कोणच्या अंगाला हाय वो?"

पायडल फिरेना.

"कुणी सांगंनाच. घरचे बी म्हणतेत, नव्हताच..."

टप... टप...

"डावीकडं," तो म्हणाला. "डावीकडं हाय, माय. म्या चुकलो."

थेंब थांबले. काहीच नाही. मग डाव्या अंगठ्याला गार लागलं. ओल्या बोटांनी धरावं तसं. हलकेच... ओढलं.

सायकल हलकी झाली.

काय रे? मधे बोलायचं नाही म्हटलं होतं. हो, सांगितलं डॉक्टरांना. दारात उभं राहूनच सगळं सांगितलं. तापलेलं पाणी, अंगठा, शाई. डॉक्टरांनी साखराबाईचा फोटो काढून दिव्यासमोर धरला. बराच वेळ धरला.

"कोपरा शाबूत आहे, सिद्रामप्पा."

"न्हाई साहेब. माझ्या हातानं निघालाय त्यो."

"शिशाचं अक्षर आहे. 'एल'." त्यांनी फोटो डोळ्यांजवळ आणला. "शाई कुठंच नाही... मग मी उजवी बाजू का उघडली?"

सिद्रामप्पानं वाकून बघितलं. अक्षराभोवती बारीक रेघा होत्या. गोल गोल. तो आपला डावा अंगठा चाचपू लागला.

डॉक्टर नांदेडला गेले. बाईला खडा होता, मी चुकीची बाजू उघडली, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानंतर त्यांनी हातात सुरी धरली नाही. चूक माझी, चूक माझी, असं सिद्रामप्पा कितीदा सांगायचा. कुणी मानलं नाही. पुरावा फोटोत होता.

परवा रेशनच्या दुकानात त्यानं यंत्रावर डावा अंगठा ठेवला. पुसून ठेवला, दाबून ठेवला. यंत्र घेईना. दुकानदार म्हणाला, दुसरं बोट ठेवा. दुसरं लगेच लागलं. म्हाताऱ्यांच्या रेघा झिजतात म्हणाल, तर त्याच्या बाकीच्या बोटांवर त्या जशाच्या तशा आहेत.

उद्या उजेडी जाऊन बघा तो अंगठा. हात लावू नका. वैशाखातही गार लागतो... आणि ओला.